फुली तिथे सही

माझी सही सुंदर आहे, हे मी स्वतःच्या तोंडानं सांगणं बरं दिसत नाही. पण दुसरं कोणी सांगत नाही म्हणून मलाच सांगावं लागतं. पहिलं अक्षर गिरकी घेऊन वर चढतं, मधली अक्षरं एकमेकांचे हात धरून पळतात, शेवटी एक लांब रेघ येते आणि रेघेखाली दोन टिंबं. या टिंबांचा अर्थ काय, असं बायकोनं लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. अर्थ काही नाही. रुबाब आहे. पण रुबाब ही गोष्ट बायकोला समजावून सांगता येत नाही, आणि सांगितली तर तो राहत नाही.

पाणीपुरवठा कार्यालयाच्या मीटर खात्यात मी तेवीस वर्षं आहे. रोज टेबलावर दीड-दोनशे कागद येतात. ते सगळे वाचत बसलो तर गावाला पाणी मिळायचं नाही. म्हणून आमच्याकडे एक पद्धत आहे. माझ्या हाताखालचा कारकून कागद वाचतो आणि जिथे माझी सही हवी तिथे पेन्सिलीनं बारीकशी फुली मारतो. मी फुली बघतो, सही करतो, पान उलटतो. तो कारकून तरी कागद वाचतो का, हे मी त्याला कधी विचारलं नाही. साहेब वाचतात का, हे त्यानं मला विचारलं नाही. अशा परस्परविश्वासावरच कार्यालयं चालतात.

एवढ्या वर्षांच्या सवयीनं झालंय असं, की फुली दिसली की माझा हात आपोआप चालतो. डोक्याला विचारत नाही. एकदा भाचीच्या गणिताच्या वहीत पाच चुकलेल्या उत्तरांवर बाईंनी फुल्या मारल्या होत्या. मी पाचही ठिकाणी सह्या करून वही परत दिली. बाईंनी घरी चिठ्ठी पाठवली, ती वाचून बहीण तीन महिने माझ्याशी बोलत नव्हती.

तर मूळ मुद्दा गादीचा.

माझी पाठ दुखत होती. डॉक्टर म्हणाले, गादी बदला. एवढं साधं वाक्य. पण आमच्या इमारतीत कोणतंही वाक्य साधं राहत नाही. वरच्या मजल्यावर कलमकाका राहतात. त्यांनी कोर्टाच्या दाराशी उभं राहून पक्षकारांची नावं पुकारण्यात तीस वर्षं घालवली, त्यामुळे ते आमचे कायदेपंडित आहेत, आणि पंडित एका विषयावर थांबत नाहीत. ते म्हणाले, "गादी दगडासारखी कडक हवी." समोरच्या वहिनी म्हणाल्या, "अजिबात नको, लोण्यासारखी मऊ घ्या. आमच्या मावससासऱ्यांनी कडक घेतली होती."

"मग काय झालं त्यांचं?"

"गेले ना!" वहिनी म्हणाल्या. ते ब्याण्णव वर्षांचे होते, हे पुष्कळ नंतर कळलं.

बायकोचं म्हणणं वेगळंच होतं. "गादी कोणतीही घ्या, पण रोखीनं घ्या. जमत नसेल तर दोन महिने थांबा. आत्ता खात्यातल्या पैशांना हात लावायचा नाही."

ते पैसे तिचे होते. ती बाहेरच्या खोलीत शिवणाचे वर्ग घेते, कपडे शिवून देते. भरतकामाचं नवं मशीन घ्यायचं म्हणून चार वर्षं ती एकेक काज, एकेक बटण करत पैसे साठवत होती. मशीन ठरलं होतं, आगाऊ रक्कम दिली होती, उरलेली तीन महिन्यांनी, चार तारखेला मशीन घरी आलं की द्यायची होती. त्या मशीनसाठी तिनं खिडकीजवळची जागा रिकामी करून ठेवली होती आणि तिथे कोणालाही, अगदी माझ्या खुर्चीलाही, बसू देत नव्हती.

मी म्हणालो, "खात्याला हात लावत नाही. हप्त्यानं घेतो."

"अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात," ती म्हणाली, "तुम्ही तर अंथरूणच हप्त्यानं आणताय."

फर्निचरच्या दुकानात गादी निवडायला मला एक मिनिट लागलं. तिथे चपला काढून गादीवर झोपून बघायचं असतं, आणि माझ्या उजव्या मोज्याला भोक होतं. पहिल्याच गादीवर पाठ टेकवून "हीच" म्हणालो आणि उठलो.

कोपऱ्यातल्या टेबलाशी कर्ज देणाऱ्या कंपनीचा एक टायवाला बसला होता. "या साहेब. बारा हप्ते, व्याज शून्य. फक्त सह्या करायच्या."

फक्त सह्या! माशाला म्हणावं, फक्त पोहायचंय.

त्यानं कागदांचा गठ्ठा पुढे ठेवला. पानापानावर पेन्सिलीची बारीक फुली. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. "हवं तर वाचून बघा," तो म्हणाला. आता 'हवं तर' म्हटल्यावर कोण वाचतं? शिवाय शेजारच्या स्टुलावर आणखी एक गिऱ्हाईक बसलं होतं. लांब काळा कोट, टोकदार मिशी आणि मिशीला अजिबात न शोभणारा केविलवाणा चेहरा. परक्या माणसादेखत ओळीओळीवर बोट ठेवून वाचत बसणं माझ्यासारख्या अधिकाऱ्याला शोभलं नसतं.

मी सुरू झालो. नवव्या फुलीवर पेन संपलं. तो कोटवाला उठला, माझ्या कानामागे हात घातला, तिथून एक पेन काढलं आणि माझ्या हातात दिलं. "जादूगार आहे मी," तो म्हणाला. अगदी साधेपणानं, दातांचा डॉक्टर आहे म्हणावं तसा. मी मान डोलावली आणि दहावी फुली घेतली.

पंचविसाव्या सहीला टायवाला खुर्चीतून उभा राहिला. "साहेब, साडेतीन मिनिटं! लोक इथे तासन्‌तास डोकं खाजवत बसतात. असा हात मी बघितला नाही." तेवीस वर्षांत आमच्या वरिष्ठांनी असं एक वाक्य उच्चारलं नव्हतं. माझी पाठही दुखायची थांबली. टेबलावर आणखी दोन पानं होती. त्यांच्यावर फुल्या होत्या. त्याही उडवल्या.

एकदम जादूगारानं माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. त्याचे डोळे भरून आले होते. पेन त्यानं दिलं आणि आभारही तोच मानतोय, याचं मला थोडं नवल वाटलं. पण कलावंत मंडळी हळवी असतात, असं म्हणून मी घरी आलो.

गादी आली तेव्हा पहिली गोष्ट कळली, की आमचा पलंग साडेचार फुटी आणि गादी सहा फुटी आहे. मी दुकानात फोन केला. "साहेब, तुम्ही मोठा आकार घेतलाय. चौथ्या पानावर सही आहे तुमची." आता गादीचा दीड फूट पलंगाबाहेर लोंबू लागला. त्या बाजूला मी झोपत असल्यामुळे पहिल्या रात्री दोनदा खाली आलो. मग सुतार आला. त्यानं पलंगाला फळी जोडली. फळीमुळे कपाटाचं दार उघडेना, म्हणून कपाट हलवलं. कपाटामुळे दिव्याचं बटण झाकलं गेलं. आता दिवा लावायला मी कपाटामागे हात घालतो आणि पाठ धरते.

आठवड्यानं एक गृहस्थ दारात. हातात वही, खांद्यावर मोजपट्टी. "गादी तपासनीस. गादी संरक्षण योजना, कलम चौदा. दर आठवड्याला गादी तपासायची."

"मी अशी काही योजना घेतली नाही."

त्यानं सहीच दाखवली. रेघ होती, दोन टिंबं होती. त्यानं बूट काढले, गादीवर आडवा झाला, डोळे मिटले. नियमानं पंधरा मिनिटं झोपून बघायचं असतं म्हणे. चाळीस मिनिटांनी मी त्याला चहा घेऊन उठवला. जाताना त्यानं वहीत लिहिलं, 'गादी समाधानकारक.' त्याच्या पायमोज्यांना एकही भोक नव्हतं.

"आणखी कशाकशावर सह्या केल्यात?" बायकोनं विचारलं.

"नेहमीच्याच," मी म्हणालो. आणि तपासनीसाची कपबशी विसळायला आत गेलो.

दोन महिने गेले आणि पत्र आलं. ते मी इमारतीच्या जिन्यातच उघडलं आणि मग जिन्यातच बसलो. 'आपण ज्यांना जामीनदार आहात त्या कर्जदारांचे दोन हप्ते थकले असून ते राहत्या पत्त्यावर सापडत नाहीत. थकलेली रक्कम व दंड येत्या एक तारखेला आपल्या खात्यातून वळती करण्यात येईल.' खाली कर्जदाराचा व्यवसाय: जादूगार. वस्तू: मोठे कपाट, खास मापाचे. खाली खाते क्रमांक. तो आमच्या दोघांच्या खात्याचा होता. टायवाल्यानं 'कुठलंही एक खातं' मागितलं तेव्हा खिशात तेच पासबुक होतं. रक्कम बघितली. मशीनचे पैसे दिले तर खात्यात काही उरणार नव्हतं. हे पैसे गेले तर मशीन येणार नव्हतं.

ती दोन पानं! मी एका अनोळखी माणसाला जामीन राहिलो होतो, तो माणूस गायब होण्याचाच धंदा करत होता, आणि आता तो झाला होता.

बायकोला सांगावं असं मला फार वाटलं. दारातून आत गेलो. ती खिडकीजवळच्या रिकाम्या जागेचं माप घेत होती. मी पत्र खिशात घातलं, रात्री गादीखाली सरकवलं आणि दुसऱ्या दिवशी कलमकाकांकडे गेलो.

कलमकाकांनी चष्मा लावला, पत्र उलटसुलट बघितलं. "सोपं आहे. म्हणायचं, सही माझी नाहीच."

"पण माझीच आहे."

"अहो, कोर्टात असंच म्हणतात. मी रोज ऐकायचो."

"खाली दोन टिंबं आहेत, काका. अख्ख्या गावात असं कोणी करत नाही."

"मग टिंबं दुसऱ्याची म्हणा." त्यांचा कायदा तिथे संपला. आमचं हे बोलणं जिन्यात चाललं होतं आणि समोरच्या वहिनींचं दार, हवा खेळती राहावी म्हणून, चार बोटं उघडं होतं. संध्याकाळपर्यंत इमारतीत बातमी होती, की मी एका चोराला जामीन राहिलो आणि तो तुरुंगातून धूर होऊन निघून गेला. पहिल्या मजल्यावरच्यांनी आमच्याकडे दिलेली शिडी परत नेली. बायकोपर्यंत मात्र बातमी पोचली नाही; ज्या घरची बातमी असते त्या घरी ती सर्वांत शेवटी जाते.

शेवटी मी अर्धी रजा टाकून कर्ज कंपनीच्या कार्यालयात गेलो. खिडकी क्रमांक तीनवर एक बाई होत्या. मी सगळी हकिगत सांगितली. सांगता सांगता माझा आवाज चढला. मी म्हणालो, मी स्वतः एक जबाबदार अधिकारी आहे, मला जामीन राहायचं नव्हतं, मी राहिलो नाही आणि राहणार नाही. बाईंनी शांतपणे एक कागद पुढे सरकवला. "मग हा अर्ज भरा. इथे सही."

तिथे फुली होती.

तीन दिवसांनी दुसरं पत्र आलं. 'आपण स्वतः येऊन जामीनदार असल्याची खात्री करून दिल्याबद्दल कंपनी आपली आभारी आहे. सोबत कराराची प्रत जोडली आहे.' तेही गादीखाली गेलं. आता त्या बाजूला झोपलं की पाठीला करार टोचायचा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी तर हात दाखवून वर सहीही करून आलो होतो.

महिनाअखेरीला दोन दिवस उरले असताना, मी ऑफिसात असताना, गादी तपासनीस आला. नियमाप्रमाणे आडवा झाला आणि नियमाप्रमाणे झोपला नाही. त्याला काहीतरी टोचलं. त्यानं गादी उचलली, वही काढली, 'गादीखाली परकी वस्तू' अशी नोंद केली, आणि त्या परक्या वस्तू वर्गातल्या आठ बायकांसमोर बायकोच्या हातात दिल्या.

मी घरी आलो तेव्हा वर्ग सुटला होता. ती खिडकीजवळच्या रिकाम्या जागेत, जमिनीवर, मांडी घालून बसली होती. कागद मांडीवर. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"मला का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

"सही करताना?"

"नाही, नंतर."

तिनं मांडीवरचे कागद सरळ केले. मग म्हणाली, "अहो, कापडाला कात्री लावायच्या आधी मी दोनदा मोजते. चुकलं तर काय जातं? एक फ्रॉक. आणि तुम्ही..." पुढचं तिनं गिळलं. चार वर्षांची बटणं तिच्या डोळ्यांपुढे आली असतील. माझ्या तर आलीच, आणि मला स्वतःची इतकी चीड आली की उजवा हात खिशात घालून ठेवावासा वाटला.

मग ती उठली, शिवणाचा खडू घेतला आणि जादूगाराचा करार वाचायला बसली. एकतीस पानं. ती कपड्याचं माप घेतल्यासारखी वाचते. एक ओळ झाली की बोट तिथेच ठेवायचं, पुढची ओळ मागच्या ओळीशी जुळते का बघायचं, जुळली नाही तर खडूची खूण. स्वयंपाक झाला नाही. मी समोर बसून होतो. तिसऱ्या तासाला ती म्हणाली, "हा पत्ता वाचलात?"

"नाही."

"आपल्या मागची तिसरी गल्ली. बेकरीच्या वर."

इतके दिवस मी एका गायब झालेल्या माणसाच्या काळजीत झुरत होतो, आणि तो मी रोज जिथून पाव आणतो त्याच्या डोक्यावर राहत होता.

सकाळी आम्ही गेलो. दार नुसतं लोटलेलं. आत एक खोली, खोलीच्या मधोमध भलंमोठं कपाट, आणि माणूस नाही. "कंपनीचा माणूस तीनदा येऊन गेला," खालचा बेकरीवाला म्हणाला होता, "दार उघडं, आत कोणी नाही." मी बायकोकडे बघितलं. तेवढ्यात कपाट बोललं.

"कोण आहे? बाहेरची कडी काढा हो! पहाटेपासून अडकलोय."

कडी काढल्यावर जादूगार बाहेर पडला. मिशीची टोकं खाली लोंबत होती. मला बघताच त्यानं मिठी मारली. "देवमाणूस! वहिनी, हा देवमाणूस आहे! तीन आठवडे मी त्या स्टुलावर बसत होतो. सख्खा भाऊ जामीन राहिला नाही, मेहुणा नाही, वीस वर्षांचा मित्र नाही. यांनी तर कागद वाचलासुद्धा नाही. नुसता माझा चेहरा बघितला आणि सही केली!"

बायको माझ्याकडे बघत होती. मी कपाटाकडे बघत होतो. आयुष्यात पहिल्यांदा बायकोसमोर कोणी मला देवमाणूस म्हणालं आणि मला त्याचा आनंद घेता येईना.

"आणि हप्ते?" बायकोनं विचारलं.

तो खाली बसला. "वहिनी, खेळच बंद आहेत. या कपाटाला मागच्या बाजूनं गुप्त दार हवं, तसं मी लिहून दिलं होतं. मी आत जायचं, मागून निसटायचं, पुढचं दार उघडलं की कपाट रिकामं. पण दुकानातला सुतार सज्जन निघाला. त्याला वाटलं मागची फळी चुकून सैल राहिली. त्यानं आठ स्क्रू मारून घट्ट करून दिली, वर म्हणाला याचे पैसे नकोत. पहिल्या खेळाला दार उघडलं तर मी आतच! लोक हसले. दुसऱ्या खेळालाही आतच! लोकांनी तिकिटाचे पैसे मागितले. आता रोज आत जाऊन फळी सैल होते का बघतो, तर कधीकधी बाहेरची कडी पडते. कंपनीचा माणूस आला तेव्हा मी आतूनच हाका मारत होतो. त्याला वाटलं रेडिओ चाललाय."

म्हणजे सगळं गाव ज्याला गायब झाला म्हणत होतं, त्याची अडचण एवढीच होती, की त्याला गायब होता येत नव्हतं.

"करार वाचलात तुम्ही?" बायकोनं विचारलं.

"छे! फुल्या होत्या ना."

तिनं कपाळाला हात लावला. मग एकतीस पानांतलं खडूची खूण असलेलं पान काढलं. "कलम बावीस. ठरल्याप्रमाणे वस्तू मिळाली नाही तर ती दुरुस्त करून मिळेपर्यंत हप्ते थांबतात, दंडही लागत नाही. अर्ज मात्र कर्जदार आणि जामीनदार, दोघांच्या सहीनं द्यायचा. महिना संपायच्या आत." तिनं मान वर केली. "महिना उद्या संपतोय."

अर्ज तिनंच लिहिला, चार ओळींचा. त्यावर फुली नव्हती. सही कुठे करायची ते मला समजेना. "आधी मोठ्यानं वाचा," ती म्हणाली. मी वाचला. चार ओळींना मला साडेतीन मिनिटं लागली, आणि मला सगळं समजलं. हा अनुभव नवा होता.

कर्ज कंपनीत या वेळी स्वतः टायवाला होता. त्यानं मला ओळखलं. "अरे, आमचे साडेतीन मिनिटंवाले साहेब!" त्यानं अर्ज वाचला, कलम बावीस बघितलं, टाय सैल केला. मग गोड हसून एक लहानसा छापील कागद पुढे ठेवला. "काही हरकत नाही. ही नुसती पोच. इथे."

फुली! माझा हात उठला. खरं सांगतो, मी उठवला नाही, तो उठला. पेनाचं टोक कागदाला टेकणार तेवढ्यात बायकोनं पर्समधून मापाची टेप काढली आणि माझ्या मनगटाला दोन वेढे घातले. तसाच माझा हात बांधून धरून ती तो कागद वाचू लागली.

"'माझ्या तक्रारीचे पूर्ण समाधान झाले असून मी ती मागे घेत आहे.' ही पोच?"

टायवाल्यानं छताकडे बघितलं. तिनं ती ओळ खोडली, वर स्वतःच्या अक्षरात 'अर्ज मिळाला' असं लिहिलं, आणि कागद उलटा फिरवून त्याच्यापुढे ठेवला. "सही तुम्ही करायची. वेळही घाला."

त्यानं केली. अगदी साधी सही, ना गिरकी ना टिंबं. मग दबक्या आवाजात विचारलं, "ताई, आपण वकील आहात का?"

"शिवते मी," ती म्हणाली आणि माझं मनगट सोडलं.

एक तारखेला खात्यातून काहीही गेलं नाही. त्या दिवशी मी बँकेत चार वेळा जाऊन आलो, शेवटी रखवालदारानं नाव लिहून घेतलं. त्याच आठवड्यात सुतार येऊन आठही स्क्रू काढून गेला. याचे मात्र त्यानं पैसे मागितले. चार तारखेला मशीन आलं. ते आणणाऱ्या माणसानं कागद पुढे केला तेव्हा मी स्वतःहून स्वयंपाकघरात गेलो आणि आतून कडी लावून घेतली. ती बाहेर पाऊण तास वाचत होती. तो माणूस आमच्या गादीवर बसून वाट बघत होता. मधे त्याला झोप लागली. गादी समाधानकारक आहे, यात शंका नाही.

महिन्याभरानं शाळेच्या सभागृहात जादूगाराचा खेळ होता. आम्हाला पहिल्या रांगेतली दोन तिकिटं आली. मागच्या रांगेत कलमकाका, समोरच्या वहिनी, पहिल्या मजल्यावरचे शिडीवाले. सभागृह भरलं होतं. हा खेळ जमला तर पुढचे दहा ठरणार, आणि ते ठरले तरच त्याचे हप्ते नीट जाणार, हे बायकोला ठाऊक होतं. कारण कपाट दुरुस्त झालं तरी जामीनदार मीच होतो. कलम सातप्रमाणे मी शेवटच्या हप्त्यापर्यंत राहणार आहे.

जादूगार कपाटात गेला, दार लागलं, उघडलं. कपाट रिकामं! लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मी तर उभा राहून टाळ्या वाजवल्या. एक माणूस नीट गायब झाला याचा इतका आनंद मला कधीच झाला नव्हता. मग तो सभागृहाच्या मागच्या दारातून प्रगटला, मधल्या वाटेनं चालत आला आणि थेट माझ्यासमोर थांबला.

"आता शेवटचा खेळ! माझे उपकारकर्ते या कोऱ्या कागदावर सही करतील. मी कागद जाळेन. आणि तीच सही त्या बंद कपाटात सापडेल!"

त्यानं कागद पुढे केला. कोरा होता, पण कोपऱ्यात पेन्सिलीची बारीक फुली होती.

माझा हात उठला आणि मी तो धरला. माझा मीच धरला, डाव्या हातानं. "आधी बघू द्या," मी म्हणालो. मी कागद घेतला. पुढून बघितला. मागून बघितला. दिव्यासमोर धरला. मागच्या रांगा माना उंचावून बघू लागल्या. मागून कलमकाका म्हणाले, "बरोबर! नीट तपासा!" मी अंगठ्यानं कडा चाचपली, आणि मला कळलं, की हा एक कागद नाही. दोन आहेत, एकावर एक अलगद चिकटवलेले.

मी वर बघितलं. जादूगाराचा चेहरा स्टुलावर बसला होता तेव्हासारखा झाला होता. मिशीची टोकं थरथरत होती. मी तोंड उघडलं.

तेवढ्यात माझ्या बरगडीत कोपर बसलं. बायको समोर बघत, ओठ न हलवता म्हणाली, "वाचू नका. करा सही."

मी केली. गिरकी, रेघ, दोन टिंबं. तेवीस वर्षांत पहिल्यांदाच, फुली असूनही, मी कशावर सही करतोय हे मला नीट माहीत होतं.